बेदाण्याच्या शेडात मेंढरं

७ मे

अर्फा म्हणते, "अब्बा, समितीत आलाय तर लिहून ठेवत जावा." लेक शिकलेली, ऐकावं लागतं. औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी कपाटात पडून होती, ती काढली. समितीला काय दाखवायचं ते अर्फा बघेल. ही माझी. हिच्यात मी मनाला येईल ते लिहिणार आणि कुणाला दाखवणार नाही, अख्तरबीला तर नाहीच. इतकी वर्षं संसार केला म्हणून नवऱ्याच्या पोटातलं सगळं बायकोला कळलंच पाहिजे असं कुठं आहे?

समितीत मी आलो नाही, मला घातलं. ग्रामसभेच्या दिवशी मी तासगावला बेदाण्याच्या सौद्याला गेलो होतो. जो हजर नाही त्याचं नाव लावायचं, ही आमच्या गावची रीतच आहे. बाळासोनं माझं नाव सुचवलं. त्याची द्राक्षबाग माझ्या बागेला लागून, बांधावरून आमची रोज तू तू मी मी. गड्यानं बरोबर सूड उगवला.

काम काय, तर येरळा जिवंत करायची. नदी म्हणायची, पण आमच्या काठाला वर्षातले आठ महिने वाळू आणि बाभळी. पावसाळ्यात लाल लोंढा येतो, काठाची माती खाऊन जातो, आणि चार दिवसांत पुन्हा खडखडाट. अर्फा ज्या खोरं मंडळात नोकरी करते त्यांचं म्हणणं असं, की दोष वरच्या बोडक्या डोंगरांचा आहे. तिथं पाणी थांबत नाही, म्हणून खाली नदी टिकत नाही. त्यासाठी मंडळानं खालचं एक गाव आणि वरचं एक गाव अशा जोड्या लावल्यात. जोडगाव म्हणतात. आमच्या जोडीला आलीय पांढरमाळ, माण-खटावच्या शिवेवरची वाडी. त्यांच्या डोंगराचं पलीकडचं पाणी माणगंगेला जातं, अलीकडचं आमच्या येरळेला.

सोयरीक जमवल्यासारखं चाललंय सगळं. फक्त नवरा कोण आणि नवरी कोण तेवढं कळत नाही.

१२ मे

पांढरमाळला जाऊन आलो. पाठीचं पार भुसकट झालं.

डोंगरावर चर खणून झालेत. आमच्या गावानं मशीन दिलं, माणसं दिली, वाडीनंही घाम गाळला. आता डोंगर तीन पावसाळे बंद ठेवायचा, म्हणजे गवत धरेल, माती थांबेल, चर गाळानं भरणार नाहीत. पण गाडं अडलंय ते मेंढरांवर. ही धनगर माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली उतरतात, वावरावावरांत बसवतात, आणि पावसाळ्याला घरी येतात. म्हणजे गवत उगवायला आणि मेंढरं यायला एकच गाठ.

देवळापुढं बैठक झाली. मनुबाई म्हणून एक म्हातारी आहे, वाडीत तिचा शब्द चालतो. ती उठली आणि थेट माझ्यावरच आली.

"खालच्यांच्या द्राक्षाला पानी पायजे म्हणून आमच्या मेंढरांनी उपाशी मरायचं व्हय रं?"

आता मी काही डोंगराचा मालक नाही. पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आवं आजी, उपाशी कोण मारतंय? आणा माझ्याकडं! मी ठेवतो पावसाळाभर!"

बोललो आणि सगळी वाडी माझ्याकडं बघायला लागली. अर्फा मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेली. बापाला सावरायला पोरीनं एक शब्द काढला नाही. जाताना वाटेत तर सारखं बोलत होती, "अब्बा, पावसाळ्यात आपल्या बागेत गवत किती माजतं, नाही? वायाच जातं." आणि ऐनवेळी दातखीळ.

मनुबाईचा पुतण्या धुळा पुढं झाला. वाडीत सगळ्यात जास्त मेंढरं त्याची. उंच, काटक, कपाळावर कायम आठी. म्हणाला, "शेठ, जबान देताय?"

दिली. दुसरं काय करणार होतो?

मनुबाईनं तिथंच ठणकावलं, "यंदा बाकीची आमी पावण्यारावळ्यांकडं लावतो कशीबशी. धुळाच्या मेंढरांचं बरं झालं तर फुडल्या साली आमची बी खाली येतील. न्हाई झालं तर त्याच दिशी डोंगर खुला. मंग तुमची समिती घाला चुलीत."

म्हणजे डोंगर, नदी, दोन गावांची जोडी, सगळं आता माझ्या बागेतल्या गवतावर. घरी येऊन दोन गोळ्या घेतल्या.

१८ मे

अख्तरबीला सांगायला पाच-सहा दिवस लावले. ती म्हणाली, "स्वतःचा चष्मा कुठं ठेवलाय ते तुम्हाला सांगावं लागतं, मेंढरं कुठं ठेवणार?" पण चिडली नाही. मला वाटलं होतं आकाशपाताळ एक करेल. त्या बनुबाईला, म्हणजे धुळाच्या बायकोला, दूध दोन वेळचं लागेल की एक वेळचं, असलं काहीतरी विचारत बसली. हिला तिचं नाव कुठून कळलं?

बेत असा केलाय. जूनपर्यंत वेली मांडवावर चढलेल्या असतात, मेंढराचं तोंड पोचत नाही. खाली गवतच गवत. लेंड्या पडतील त्या बागेलाच. फक्त औषधांचं बघितलं पाहिजे. मी ठरवलंय, यंदा तणनाशक बंद, किडीची जहाल औषधंही बंद. मुक्या जनावराच्या पोटात विष जायला नको. नुसतं मोरचूद आणि चुना फवारायचा. आजोबांपासून चालत आलेलं साधं औषध, निळं पाणी, पानांवरची बुरशी जाते. बाळासो म्हणाला, "पीक घालवशील." म्हटलं, घालवेन, माझी जबान आहे.

खरं सांगायचं तर स्वतःवर जरा खूशच आहे.

२० जून

आले. येतील येतील म्हणून वाट बघत होतो तर धुळाचा फोन, "ईद झाल्यावर येतो, शेठ." मी म्हटलं, का रे बाबा? तर बनुबाईचा आवाज आला मागून, "बकरी ईदीच्या आदी मेंढरं तुमच्या दारात आणू? म्या काय येडी हाय व्हय?"

मला पहिल्यांदा राग आला. मग इतकं हसू आलं की ठसका लागला.

साठ मेंढरं, एक घोडं, दोन कुत्री, आणि पाटीत घातलेली चार कोंबडी. बनुबाईनं आल्या-आल्या अख्तरबीच्या हातात कुळीथ ठेवले. बाया एकमेकींकडं बघून अशा हसल्या, जशा माहेरच्याच मैत्रिणी. धुळानं बाग फिरून बघितली, माती हातात घेतली, म्हणाला, "लय गवत हाय." एवढंच. महिनाभर मी ही बाग नवरीसारखी जपली आणि हा म्हणतो गवत आहे.

५ जुलै

मेंढरांनी दोरीवर वाळत घातलेला माझा सदरा चावला. एकच बाही उरली.

आज जुम्म्याला मशिदीत माझ्या दोन्ही बाजूची माणसं हळूच सरकली. अंगाला लोकरीचा वास येतो म्हणे. दोनदा आंघोळ केली तरी जात नाही. धुळाला सांगितलं तर म्हणाला, "जाईल की, दिवाळीपतूर."

संध्याकाळी त्याला आमचा बेदाणा खायला दिला. आमच्या शेडात वाळलेला, हिरवा, लांब मण्याचा. तासगावच्या बाजारात लियाकतचा माल म्हटला की व्यापारी पोतं उघडूनसुद्धा बघत नाहीत. शेडात मी चप्पल घालून कुणाला येऊ देत नाही, तंबाखू खाऊन येऊ देत नाही, जोरात शिंकू देत नाही. धुळानं एक मणी खाल्ला, बराच वेळ चघळला आणि म्हणाला, "ग्वाड हाय."

अरे, गोडच असणार ना! बेदाणा आहे तो! असल्या माणसापुढं काय बोलायचं?

२१ जुलै

पाऊस हटत नाही. धुळा आणि मी मांडवाखाली घोंगडं डोक्यावर घेऊन बसलो होतो. अर्फानं पांढरमाळचा व्हिडिओ पाठवलाय. डोंगराला हिरवी झाक आलीय. चरांत पाणी उभं आहे. धुळानं तो परत परत लावायला लावला. मग उठला आणि एका मेंढीचा कान खाजवत उभा राहिला. मला वाटतं त्याला व्हिडिओ आवडला नाही. डोळे पुसत होता, पाऊस गेला असेल डोळ्यांत.

माणूस बोलत नाही ही मोठी अडचण. मीच बोलतो. आज त्याला माझ्या लग्नातली सगळी भांडणं सांगितली, कुणी काय खाल्लं नाही, कोण रुसून बसलं. तो ऐकतो. कुठं हसायचं ते बरोबर कळतं त्याला.

शेडात बेदाणा पसरायला एकावर एक जाळ्या ताणलेल्या असतात, त्यातल्या खालच्या चार मजल्यांच्या जाळ्या अख्तरबीनं काढून धुवायला टाकल्या. बेदाणा येणार फेब्रुवारीत, जाळ्या धुवायच्या जानेवारीत, आणि ही बाई जुलैच्या पावसात धुतेय. विचारलं तर म्हणे, "ढग बघितलेत का? असूदे." बायकांच्या डोक्यात काय चालतं ते खुदाला ठाऊक.

११ ऑगस्ट

पानांवर बुरशी दिसायला लागली. आज पुन्हा मोरचूद फवारलं. जूनपासून कितव्यांदा ते आता ध्यानात नाही, पावसानं धुऊन जातं आणि परत मारावं लागतं. गवतही निळंनिळं दिसतं. मेंढरं मात्र मजेत आहेत, अंगानं भरलीत. बाळासो बांधावरून बघत होता. म्हटलं, बघ!

धुळा गेला की घर सुनं वाटेल, असं उगाच मनात आलं. अजून अडीच महिने आहेत.

१६ ऑगस्ट

एक मेंढी सकाळपासून उठत नाही. चरायलाही गेली नाही. धुळानं डोळे बघितले तर पिवळे हळद. लघवी काळ्या चहासारखी. तो म्हणतो, असलं कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी गेली. दुसरी एक बसलीय.

१७ ऑगस्ट

तासगावहून जनावरांची डॉक्टरीणबाई आली. अर्फाच घेऊन आली. बाईंनी डोळे बघितले, मेलेलं जनावर उघडून बघितलं, मग बागेत गेल्या, पान चोळून बोटं बघितली आणि मला विचारलं, "काय फवारता?"

मी छाती पुढं काढून सांगितलं, जहाल काही नाही, बाई, नुसतं मोरचूद-चुना.

त्यांनी निळी बोटं माझ्यापुढं धरली. म्हणाल्या, मोरचूद म्हणजे तांबं. गाईला चालतं, शेळीला बरंच चालतं, मेंढराला चालत नाही. मेंढराच्या यकृतात ते साठत जातं, साठत जातं, वरून जनावर गुबगुबीत दिसतं, आणि एक दिवस सगळं एकदम रक्तात उतरतं.

म्हणजे मीच. माझ्या हातानं. इतर औषधं बंद करून, शहाणपणा करून, दर फवारणीला बिस्मिल्ला म्हणून मी त्यांना विष घातलं. बाळासो शंभर औषधं मारतो, पण त्याच्या बागेत मेंढरं नाहीत. माझ्या बागेत होती, आणि मी खूश होतो.

अख्तरबीनं ताट वाढलं ते तसंच आहे. लिहवत नाही.

१८ ऑगस्ट

रात्रीत दुसरी गेली आणि तिसरीही. पहाटे बाहेर आलो तर धुळा घोड्यावर बोचकी बांधत होता.

डॉक्टरीणबाईंनी काल स्पष्ट सांगून ठेवलंय. बागेतली काडीसुद्धा तोंडात नको. औषध पाजायचं. आणि मेंढरं चालवायची नाहीत, भिजवायची नाहीत, दमवायची नाहीत, दमली की अंगातलं तांबं उसळतं आणि धडधाकट दिसणारंसुद्धा आडवं होतं. मी धुळाला तेच सांगायला गेलो.

"चालवू नका म्हणल्या ना," तो म्हणाला, "भिजवू बी नका म्हणल्या. आन् बागंत ठेवू बी नका. मंग ठेवू कुठं? तुमच्या डोस्क्यावर?"

पहिल्यांदाच त्यानं मला शेठ म्हटलं नाही. बनुबाई तोंडाला पदर लावून उभी. धुळा म्हणाला, "मरायची तर आपल्या मातीत मरतील."

पाऊस धो धो चाललेला. मला दिसत होतं काय होणार ते. निम्मी वाटेत जाणार. उरलेली डोंगरावर जाणार. त्याच दिवशी मनुबाई डोंगर खुला करणार, आणि तिला कुणी नाव ठेवणार नाही, मीही नाही. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा मला नदी आठवली नाही, डोंगरही आठवला नाही. हा माणूस माझ्या दारातून असा निघाला तर परत कधी माझ्याशी बोलणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

मी शेडाकडं चालायला लागलो. कुलूप काढलं. दरवाजा पुरता उघडला.

"हिथं आण."

धुळा दारात थांबला. "शेठ, हितं तुमचा बेदाना वाळतो."

"यंदा मेंढरं वाळतील."

"बाजारात काय म्हनतील? लेंड्यांचा वास—"

"म्हणू देत! आण म्हणतो ना! का हात जोडू?"

हात जोडलेच होते, नंतर लक्षात आलं.

बनुबाईनं एक कोकरू उचललं आणि सरळ आत चालत गेली. मग सगळी आली. नशीब बघा, खालच्या जाळ्या धुवायला काढलेल्या होत्या, नाहीतर त्या सोडवण्यातच दुपार झाली असती. आणि मागच्या कोपऱ्यात कोरड्या भुसकटाची पोती रचलेली सापडली. ती कुणी आणून ठेवली कुणास ठाऊक. अख्तरबीला विचारलं तर म्हणाली, "असतील पडलेली."

२३ ऑगस्ट

चौथी गेली. पांढऱ्या तोंडाची होती, बनुबाईची लाडकी. नदीकाठी कडुनिंबाखाली चौघींना शेजारी शेजारी पुरलं. खड्डा मी खणला. धुळा "राहू द्या" म्हणत होता, मी खोरं सोडलं नाही.

आणखी एक, बांडी, धड मरतही नाही आणि खातही नाही. बाकीच्यांनी औषध घेतलंय, पण सगळ्यांचा जीव टांगणीला. चारा हीच आता मोठी अडचण. भोवती सगळ्या द्राक्षबागा, सगळं गवत फवारलेलं. कडबा पावसानं काळा पडलाय. बाळासोनं न सांगता माळ्यावरच्या चांगल्या पेंढ्या आणून टाकल्या आणि वर मलाच शिव्या दिल्या, "अर्ध्या अकलेचा हायस." मी पेंढ्या उचलून आत नेल्या.

तासगावात बातमी पोचली. एका व्यापाऱ्यानं फोन करून हसत विचारलं, "यंदाच्या बेदाण्याला दूध निघणार म्हणे?" मी फोन ठेवून दिला.

२८ ऑगस्ट

पाच दिवस झाले, कुणी गेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, आशा आहे.

मला जेवण जात नाही. आज धुळा स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला. म्हणाला, "भाबी, मला बी वाढा." आमच्या घरात तो कधी जेवला नव्हता, स्वतःच्या पालापाशी भाकरी भाजून खायचा. ताट पुढं आलं, पण हात लावेना. म्हटलं, खा की रे. तो म्हणाला, "तुमी खाल्ल्याबिगर न्हाई, भाई."

मग खावं लागलं. त्याला भूक लागली असणार, म्हणून थांबला असेल.

अर्फा सांगत होती, पांढरमाळला चार मेंढ्यांची खबर गेली. वाडीत मोठी बैठक बसलीय. काय ठरलं ते कुणी सांगेना.

३ सप्टेंबर

दुपारी वाटेला टेम्पो वळताना दिसला. पुढं मनुबाई बसलेली. टोपी घातली आणि नमाजाला निघालो. नमाजाला अजून तास होता. अख्तरबी दारात आडवी झाली. "कुठं?"

"नमाजाला."

"खुदा कुठं पळून जात नाही. पाव्हणे आलेत, थांबा."

थांबलो. मनात बोलणं जुळवून ठेवलं होतं, की आजी, चूक माझी, डोंगराला शिक्षा देऊ नका, मला काय म्हणायचं ते म्हणा. म्हातारी उतरली. माझ्याकडं बघितलंही नाही. शेडात गेली, एकेक मेंढरू हातानं चाचपलं. धुळा भिंतीला टेकून उभा, मान खाली. ती बाहेर आली आणि विचारलं, "कुठं पुरली?"

मी पुढं, ती मागं. कडुनिंबाखाली येऊन उभी राहिली. मी जुळवलेलं सगळं विसरलो. "आजी, म्या मारली," एवढंच तोंडातून निघालं, तेही तिच्या बोलीत.

"ठावं हाय," ती म्हणाली. "धुळानं सांगितलं. म्हणला, जीव लावून मारली. दुस्मनी करून मारली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं."

मग वाळूकडं बघत म्हणाली, "वाडीत सगळी म्हणली, खुला करा डोंगर. गडीमाणसं तर निघालीच हुती मेंढरं घेऊन. म्या वाटंत बसले. म्हणलं, आरं, आता खुला केला तर ती चार मेंढरं फुकट मेली म्हणायची."

मी आयुष्यात इतका रडलो नाही, अब्बा गेले तेव्हाही नाही. म्हातारीनं माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं, जनावराला थोपटतात तसं, आणि टेम्पोकडं गेली.

टेम्पोत गवत होतं. काठोकाठ. पांढरमाळच्या बंद डोंगरावरचं, विळ्यानं कापून, दोन दिवस सावलीत सुकवून आणलेलं. वाडीतल्या बाया डोंगरावर चढल्या होत्या, मेंढरू एकही चढू दिलं नव्हतं. पुरुषांनी ताडपत्री सोडली आणि साऱ्या शेडात तो वास पसरला. मेंढरांनी एकदम माना वर केल्या. बनुबाईनं एक पेंढी उचलून त्या बांडीपुढं धरली. बांडी हुंगत राहिली, हुंगत राहिली. मग एक काडी ओढली. मग दुसरी. बनुबाई खाली बसून मोठ्यानं रडायला लागली, धुळा तिला गप म्हणताना स्वतःच रडत होता, आणि बाळासो बांधावरून ओरडत होता, "काय झालं रं? अजून एक गेली का?"

"न्हाई रं!" मी ओरडलो. "खाती!"

चहा पिताना मनुबाई म्हणाली, "फुडल्या साली माझी तीस आणते. आन् धाकट्या दिराची. जागा हाय का?"

मी शेडाकडं बघून मोजायला लागलो. अख्तरबी म्हणाली, "जागंचं काय एवढं?" या बाईला विचार न करता बोलायची सवय आहे.

८ नोव्हेंबर

धुळा परवा निघाला. छप्पन्न मेंढरं, आणि वाढलेली तीन कोकरं. बनुबाई आणि अख्तरबी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. धुळानं माझ्या दोन्ही हातांना धरलं, आणि तो न बोलणारा माणूस म्हणाला, "भाई, येताव." इतकंच. पण मला पुरलं. त्याच्याशिवाय मला करमत नाही, हे लिहून टाकतो, कुणी वाचणार थोडंच आहे.

शेड दोनदा चुन्यानं धुतलं. वास आहे अजून थोडा. येरळेत अजून पाण्याची धार आहे, करंगळीएवढी. अर्फा म्हणते, एका डोंगरानं नदी होत नाही, यंदा पाऊसच जास्त होता, लगेच गावभर सांगत सुटू नका. बरं. पण सकाळी जाऊन मी तिच्यात पाय बुडवून आलो.

बेदाण्याला दूध निघणार म्हणून हसलेला तासगावचा तो व्यापारी आज घरी आला. रिकाम्या क्रेटी ठेवायला पावसाळाभर शेड पाहिजे म्हणाला, भाडं चांगलं देतो. जूनपासून.

म्हटलं, "जूनपासून जमायचं नाही. दिलेलं आहे."

"कुणाला?"

"घरच्यांना."